रेघेवर उभी अक्षरं

मी आयुष्यात फार थोड्या ठिकाणी जिंकले. त्यातलं एक ठिकाण म्हणजे रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेची पडवी. तिथली जीत मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटते. घरातली माणसं आता मी सुरुवात केली की कामं आठवून उठतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे; कागदाला उठून जाता येत नाही.

एकोणीसशे तीस उलटून गेलं होतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मी नुकतीच बाहेर पडले होते. माझं माहेर गुहागरचं, त्यामुळे समुद्राचं आणि माडांचं मला काही अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं ते स्वतःच्या नोकरीचं. शाळेत पाऊल टाकलं आणि मला बिगरी मिळाली. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. जुन्या बायांना नको असलेला वर्ग नव्या बाईच्या गळ्यात मारायचा, ही सगळ्याच शाळांची रीत असावी.

शाळा मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भाड्याच्या जांभ्या दगडाच्या घरात भरायची. माजघरात चौथी, ओटीवर मधले वर्ग आणि समुद्राच्या बाजूच्या पडवीत माझी बिगरी. फळा एकच होता, तो चौथीत. पुस्तकं शाळेची म्हणून जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वाऱ्याला मात्र तोटा नव्हता. सकाळी दहापासून तो पडवीत शिरायचा आणि पोरींच्या झिंज्यांपासून माझ्या पदरापर्यंत सगळं उडवायचा.

माझ्या आधी तिथं शिकवायची पद्धत अशी: एका पोरीनं ओरडायचं आणि बाकीच्यांनी तिच्यामागून ओरडायचं. बाराखडी सगळ्यांना तोंडपाठ होती. ‘का की कू’ अशा ठेक्यात म्हणायच्या की रस्त्यावरचा गाडीवान मान डोलवत जाई. पण त्याच बाराखडीतलं एखादं अक्षर मधूनच उचलून दाखवलं की सगळ्या माना खाली. त्यांना गाणं येत होतं, अक्षर येत नव्हतं.

मी ते गाणं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. वाण्याकडून पुड्यांचे मोठे कागद मागून आणले, भाताच्या खळीनं एकमेकांना चिकटवले आणि चादरीएवढा एक कागद केला. दिव्याची काजळी खलून शाई केली, माडाच्या झावळीचा हीर ठेचून कुंचला केला. मग पोरींना विचारलं, “काय लिहू?” पहिल्यांदा कुणी तोंड उघडेना. वाचायचं ते वरून, साहेबाकडून येतं, अशी त्यांची समजूत. शेवटी एकजण म्हणाली, “रात्री वारा पडला.” मी ते लिहिलं. दुसरी म्हणाली, “पहाटे होड्या आल्या.” तेही लिहिलं. “बांगडे आले.” लिहिलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मांजर पण आलं,” आणि सगळी पडवी खिदळली. मी तेही लिहिलं.

तो कागद आम्ही सगळ्यांनी मिळून वाचायचा. मी शब्दाखालून काठी फिरवायची आणि सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणायचं. दोनचार दिवसांनी मी मधेच गप्प व्हायची. त्यांचा आवाज पुढं जायचा. मग मी मुद्दाम चुकायची. काठी ‘बांगडे’ वर आणि तोंडानं म्हणायचं ‘तारली’. तेव्हा जो गिल्ला व्हायचा! “बाई चुकल्या! बाई चुकल्या!” बाईला चुकलेलं धरण्यासाठी पोरी डोळ्यांत तेल घालून अक्षरं बघायला लागल्या. मला तेवढंच हवं होतं.

भिंतीवर कागद टांगून बघितला, पण वाऱ्यानं दोनदा फाडला. मग तो जमिनीवरच अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि पोरींनी भोवती कोंडाळं करून बसायचं, असं ठरून गेलं.

आमच्या हेडबाई करड्या होत्या. एकदा दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “अहो बाई, हे वाचन नव्हे. ही आरती झाली. सगळ्या मिळून म्हणतात, त्यातल्या कितीजणींना येतं, देव जाणे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की म्हातारी बोलली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आळीपाळीनं पाचसहा जणींची टोळी घेऊन बसायला लागले. बाकीच्या पाटीवर काढत बसायच्या. टोळीच्या मधे एक लाकडी पाट, पाटावर पुस्तक. पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, कारण फाटलं तर दुसरं नव्हतं. फक्त बोट फिरवायचं. पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या देठाच्या जाड सालीची, एक पट्टी कापून मी खालच्या ओळी झाकायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसे. ती एकीनंच वाचायची, बाकीच्यांनी ओठ मिटून बघायचं. अडली तर मी पहिलं अक्षर सांगायची, आणखी अडली तर विचारायची, “इथं काय असेल बरं? होडी कुठं गेली असेल?” पोर विचार करायची, अक्षराकडे बघायची आणि एकदम तिचा चेहरा उजळायचा. तो चेहरा बघण्यासाठी मी बिगरी जन्मभर घेतली असती.

आता जिच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या मुलीकडे येते. मिरकरवाड्यातली पोर, बाप होडीवर, आई मासळी विकायची. पोर बिगरीत दोन वर्षं बसून होती. बसून म्हणजे काय, कडेवर दीड वर्षांची बहीण घेऊन यायची आणि तिच्यामागं धावण्यातच शाळा सुटायची. बहिणीला ती पडवीच्या दारात शिंपले देऊन बसवायची. दाराबाहेर पायरी, पायरीखाली रस्ता, रस्त्यावर बैलगाड्या. म्हणून ही नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. मला उजेड मागून हवा, म्हणून मी दाराकडे पाठ करून. बाकीच्या पोरी माझ्या दोन्ही बाजूंना रेटारेटी करत चिकटायच्या. ही एकटी पाटाच्या पलीकडे, एक डोळा पुस्तकावर आणि एक बहिणीवर.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या आणि एक दिवस तिची आई रिकामी टोपली घेऊन पायरीशी आली.

“बाई, दोन वर्सा झाली. हिला काय येत नाय. आवंदा डिपोटी येईल, त्यानं वरच्या वर्गात घातली तर घातली. नायतर मी हिला बंदरावर न्हेतंय. माजा एकलीचा हात किती पुरनार?”

डिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांनी पास केल्याशिवाय बिगरीतून पहिलीत जाता येत नसे.

“आवंदा ती वर जाईल,” मी म्हणाले.

“कशावरनं?”

“मी सांगते म्हणून.”

माझी जीभ नेहमीच माझ्या डोक्याच्या पुढं धावते. आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. पोर तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रडली नाही. शाळा सुटल्यावर सगळ्या पळाल्या, ही मात्र त्या जमिनीवरच्या कागदाशी जाऊन बसली आणि एकटीच बोट फिरवायला लागली. ही पोर बंदरावर गेली तर माझी सगळी विद्या समुद्रात बुडवावी, असं मला त्या क्षणी वाटलं.

त्यानंतर रोज तिची टोळी मी पहिल्यांदा घ्यायची, बहीण सकाळी शांत असते तोवर. दिवाळीपर्यंत तिला शब्द ओळखू यायला लागले. थंडीत ओळी यायला लागल्या. एक दिवस मी तिनं पूर्वी कधी न वाचलेलं पान उघडलं. तिनं बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक शब्द चाचपत, शेवटपर्यंत गेली. कुणी सांगितलेलं नाही, ऐकलेलं नाही, पाठ नाही. मी पट्टी खाली टाकली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

फणस धरायला लागले आणि डिपोटी आले. लांब कोट, डोक्याला रुमाल, बरोबर दप्तर घेतलेला शिपाई. हेडबाईंचं टेबल पडवीत आणलं. साहेब टेबलामागं बसले, एकेक पोर समोर जायला लागली. साहेब स्वतः पान काढून पुस्तक पोरीच्या हातात द्यायचे, ऐकायचे, परत घ्यायचे आणि पुढ्यातल्या कागदावर तिच्या नावासमोर शेरा लिहायचे. माझ्या पोरी घडाघडा वाचत होत्या. हेडबाई खांबाला टेकून बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू कमी होत होती.

हिची आई बंदरावरचा मासळीचा लिलाव आटपून पायरीशी येऊन उभी होती. टोपली बगलेत, धाकटी कडेवर.

हिचं नाव पुकारलं. साहेबांनी पुस्तक हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, पानाकडे बघितलं आणि गप्प झाली.

“वाच, बाळ.”

शब्द नाही. मला वाटलं घाबरली. साहेबांनी पान बदललं. तरी गप्प. ती पानाकडे अशी बघत होती की जणू तिनं जन्मात अक्षर पाहिलेलं नाही. साहेबांनी पुस्तक काढून घेतलं, टाक शाईत बुडवला आणि छापल्यासारख्या बालबोध अक्षरात शेरा लिहिला.

“जा, बाळ.”

“चल गो,” पायरीवरून आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ते मला जास्त लागलं.

पोर हलली नाही. ती टेबलापलीकडे उभी राहून साहेबांच्या पुढ्यातल्या कागदाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग आवाज फुटला.

“वाचन... येत... नाही. नापास.”

साहेबांचा टाक तसाच राहिला. पोरीनं बोट वरच्या ओळीवर नेलं. तिथं आधीच्या मुलीचा शेरा होता. “वाचन उत्तम. पास.”

“तुला हे कुणी सांगितलं?”

“ह्याच्यात लिवलाय.”

साहेबांनी टीपकागद पुढं ओढला आणि त्याच्या कडेला काहीतरी लिहिलं. पोरीनं मान पुढं केली. “चहा... थंड झाला,” ती म्हणाली. साहेबांनी शेजारच्या कपाकडे बघितलं. चहा खरंच थंड झाला होता. वर साय धरली होती. त्यांनी टीपकागद फिरवून सरळ तिच्यापुढं केला.

“आता वाच.”

पोर पुन्हा मुकी.

“का गं? तेच तर आहे.”

“आता अक्षरा पडली,” ती म्हणाली. “रेघ वर गेली. आमच्या पुस्तकात रेघ खाली असते, अक्षरा तिच्यावर उबी रवतात. ही लटाकतात.”

माझ्या डोळ्यांपुढं तो पाट आला. जमिनीवरचा कागद आला. वर्षभर ही पाटाच्या पलीकडून वाचत होती; वर्षभर तिनं सगळी अक्षरं डोक्यावर उभी बघितली आणि तशीच शिकली. बोटसुद्धा ती स्वतःच्या उजवीकडून डावीकडे न्यायची, आणि माझ्या बाजूनं ते बरोबर दिसायचं. पाटीवर काढलेलं ती जमिनीवरून माझ्याकडे सरकवायची. मला ते सुलटच दिसायचं. हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. त्यांनी वाऱ्याच्या पडवीत पन्नास-साठ पोरी घेऊन बसावं आणि मग विचारावं.

“बाई,” साहेब माझ्याकडे वळले, “तुम्ही मुलीला उलटं वाचायला शिकवलंत.”

“मी वाचायला शिकवलं, साहेब. उलटं ती आपली आपण शिकली.”

हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण आवाज कडक होता. “ते काही असो. पुस्तक हातात धरून वाचता आलं पाहिजे. हा नियम आहे.”

“मग साहेबांनी जेवून यावं. परत आल्यावर शेरा पक्का करावा.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, हेडबाईंनी घाईघाईनं पानं वाढायची वेळ झाल्याचं सांगितलं आणि दोघं शेजारच्या घरी गेली.

मी पाट आणला. पोर आपल्या नेहमीच्या जागी, पलीकडे. पुस्तक मधे. “वाच.” तिनं वाचलं. मी पाट जरासा फिरवला, जातं फिरवतात तसा. “वाच.” वाचलं. आणखी थोडा फिरवला. अक्षरं आडवी झाली, तिनं मान वाकडी केली आणि वाचलं. आणखी फिरवला तर ही बया बसल्या बसल्या सरकून आपल्या बाजूला गेली. मी पाट फिरवायची, ती पाटाभोवती फिरायची. देवळातली प्रदक्षिणा चालली होती नुसती. मी रडकुंडीला आले.

तेव्हा आई पुढं झाली. टोपली पायरीवर ठेवली, धाकटीला एका मुलीच्या हातात दिली आणि पोरीच्या मागं मांडी घालून बसली. दोन्ही गुडघ्यांच्या मधे तिला पक्की धरली.

“हितंच रव. बाई फिरवतील, तू फिराचा नाय.”

मी पाट केसभर केसभर सरकवायला लागले. प्रत्येक वेळी तोच शब्द. ‘बांगडे.’ ‘बांगडे.’ ‘बांगडे.’ आईही ओठांतल्या ओठांत म्हणत होती. आडवा झाला, कलला, आणि पाटाचा अर्धा फेरा पुरा झाला. पोर थांबली. तिचं बोट हवेत राहिलं. मी ते धरून तिच्या डाव्या हाताकडे नेलं, ओळीच्या सुरुवातीला. ती बघत राहिली, बघत राहिली.

“बांगडेच हाय!” ती ओरडली. “बाई, तोच हाय! उलटा झाला तरी तोच!”

मग दुसरा शब्द. तिसरा. अडखळली, मागं आली, पुन्हा गेली. ओळ संपली तेव्हा मी पुस्तक पाटावरून उचललं आणि तिच्या हातात दिलं. सकाळी साहेबांनी दिलं तेवढं सोडलं तर पुस्तक हातात धरायची तिची ती पहिलीच वेळ. तिनं ते छातीशी धरलं, मग लांब धरलं, मग वाचायला लागली.

साहेब ढेकर देत आले. त्यांनी मुद्दाम शेवटाकडचं पान काढलं. पोर टेबलासमोर उभी राहिली, पुस्तक सरळ धरलं आणि सुरुवात केली. सावकाश वाचत होती. एकदा मान कलायला लागली. तिची तिनंच ती सरळ केली. साहेबांनी मधे थांबवलं नाही. पान संपेपर्यंत ते ऐकत राहिले, आणि मी खांब घट्ट धरून उभी राहिले.

त्यांनी टाक उचलला. आधीच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहायला लागले तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “वाचन... चांगले...”

“अगं थांब! मला लिहू तरी दे!” साहेबांनी कागदावर हात ठेवला आणि एवढे मोठ्यानं हसले की मधल्या वर्गांच्या मुली ओटीवरून डोकावायला लागल्या.

“काय झाला?” आईनं विचारलं.

“पास,” पोर म्हणाली.

आईनं पदरानं तोंड पुसलं, धाकटीला घेतलं, टोपली उचलली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती फक्त एवढंच म्हणाली, “उद्या येईल ती,” आणि रस्त्याला लागली. मला ते पुष्कळ होतं. त्या रात्री मी घरी जाऊन एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडली तर पायरीपासून रस्त्यापर्यंत मासळीवाल्या बायका. प्रत्येकीच्या हाताला एक पोर, कुणाची रडणारी, कुणाची शेंबूड ओढणारी. पुढं हिची आई, लिलाव पुकारायला उभी राहावी तशी. कालचा सगळा प्रकार तिनं बंदरावर सांगितला होता. तिच्या पोरीनं साहेबाच्या हातातलं उलट्या बाजूनं वाचलं आणि साहेबाला लिहिलेलं खोडायला लावलं, असा तो प्रकार बंदरावर पोचला होता.

“उलटा वाचाय शिकिवतात त्या बाई तुमीच?” मागून एकीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. “अहो, तसं नाही, ते उलटं म्हणजे काय झालं...”

“आमच्या पोरींना पन उलटाच शिकवा,” दुसरी म्हणाली. “सुलटा काय, कोन पन शिकिवतंय.”

मी पुन्हा खुलासा करायला लागले, तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. हेडबाई होत्या. एका हातात हजेरीचा पट, कानावर टाक.

“खुलासा मागाहून करा हो,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “आधी नावं पटावर चढू देत.” मग पायरीवर पुढं येऊन, कधी नव्हे त्या मोठ्या आवाजात त्यांनी हाक दिली, “आत या ग बायांनो. एकेकीनं पोरीचं नाव सांगा.”